मनुकांचं पाणी

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पौर्णिमानं पातेल्यावरचं झाकण उचललं. आधी तिला आवाज ऐकू आला, वास नंतर. सोडा ओतून थोडा वेळ झालेल्या ग्लासाला कान लावला की येतो, तेवढाच बारीक आवाज. गुरुवारी संध्याकाळी तळाशी बसलेल्या काळ्या मनुका आता सगळ्या वर आल्या होत्या, टम्म फुगलेल्या, आणि भांड्याच्या कडेनं फेसाची पांढरट रेघ धरली होती.

तिनं चमचाभर पाणी जिभेवर घेतलं. गोडी होती, पण उतरलेली. तिच्या मागून एक बोचरी चव आली. नागपूरच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं यीस्ट वाढवलेल्या मुलीला याहून जास्त पुरावा नको होता.

"आई, हे आंबलं."

कांताबाई कुलरपाशी खुर्चीवर बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते आणि काळा चष्मा अजून उतरला नव्हता. "काय आंबलं?"

"मनुकांचं पाणी."

"काहीतरीच. गुरुवारपासून कुलरसमोर ठेवलं हाय. थंड राह्यलं पाह्यजे म्हून."

"तेच तर चुकलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. तेवढ्या उकाड्यात यीस्टही मरगळतं. कुलरसमोर तीस-बत्तीस. म्हणजे आपण त्याला अडीच दिवस पाहुण्यासारखं ठेवून घेतलं."

कांताबाई हसल्या नाहीत. पौर्णिमालाही बोलून झाल्यावर वाईट वाटलं.

आज महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, म्हणजे सगळ्यांनी वेदीपाशी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. सिंदीच्या मेथॉडिस्ट मंडळीत चौतीस घरं आहेत आणि त्या घरांचा महिना वेदीमागच्या खोलीतल्या तक्त्यावर लिहिलेला असतो: पहिल्या रविवारी प्रभुभोजन, दुसऱ्या शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना, तिसऱ्या शनिवारी महिला मंडळ आणि तिथूनच सेवाग्रामच्या दवाखान्यात रुग्णांची भेट, चौथ्या रविवारी तरुण पोरांनी चालवलेली उपासना. पाळक बदलतात, तक्ता बदलत नाही. पहिल्या रविवारच्या रकान्यात 'द्राक्षरस' या शब्दापुढे बत्तीस वर्षं एकच नाव होतं: कांता हरिदास. नाव द्राक्षरसाचं असलं तरी तो मनुकांचा असे आणि त्यात मद्याचा थेंब चालत नसे. दर महिन्याला आदल्या शनिवारी दुपारी मनुका गरम पाण्यात भिजत, संध्याकाळी दोन लवंगा टाकून अर्धा तास उकळत, मग मलमलीतून गाळल्या जात. या कामाला कांताबाईंनी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. या वेळी डॉक्टरांनी वाफेपाशी उभं राहायला मनाई केली, तेव्हाही त्यांनी पौर्णिमाला पातेलं दिलं नाही. जास्त दिवस भिजवलं तर उकळावं लागणार नाही, असा हिशेब केला आणि गुरुवारीच मनुका पाण्यात टाकल्या.

"उकळून टाका," दारातून हरिदास म्हणाले. ते पांढरा सदरा घालून तयार होते. चर्चची साडेआठची पहिली घंटा वाजवायचं काम त्यांचं. "उकळलं की उडून जाते सगळं."

"सगळं नाही उडत, बाबा."

"थोडं राह्यलं तर कोणाले समजते?"

"जिभेले समजते," कांताबाई म्हणाल्या. आवाज असा होता की हरिदास दारातच थांबले.

*

हरिदासना ठाऊक होतं की आजचा रविवार सोपा नाही. एप्रिलच्या बदल्यांत नवीन पाळक आले होते, रुपेश नावाचे, तिशीचे, उत्साही. त्यांनी समितीत सुचवलं होतं की नागपूरहून रसाच्या बंद बाटल्या आणाव्यात, एवढा त्रास कशाला. मोतीलालनं लगेच अनुमोदन दिलं. मोतीलाल म्हणजे हरिदासचा सख्खा धाकटा भाऊ. निर्णय आज उपासनेनंतर व्हायचा होता. समितीत दोघं भाऊ समोरासमोर बसत आणि अकरा वर्षं पाळकांमार्फत बोलत. "पाळकसाहेब, मोतीलालले म्हणा पंख्याचं बिल त्याच्यापाशी हाय." "पाळकसाहेब, दादाले सांगा, काल दिलं." चार पाळक आले आणि गेले. प्रत्येकानं पहिल्या महिन्यात हसू दाबलं आणि नंतर सवय करून घेतली.

अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांचे वडील नानाजी गेले. नानाजी म्हणजे कापसाच्या जिनिंगमधले नावाजलेले दारुडे, ज्यांनी एका नाताळात चर्चच्या पायरीवर बाटली ठेवली आणि पुढची एकोणपन्नास वर्षं तिला हात लावला नाही. सगळं घराणं त्या पायरीवरून आत आलं होतं. शनिवारी त्यांना माती दिली आणि दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. त्या रविवारी मोतीलालची बायको रक्षा हिनं रांगेत पेला ओठाला लावला आणि चर्चच्या दारात, चार बायांसमोर विचारलं, "बाई, हे आंबलं का हो?"

कांतानं तिथंच उत्तर दिलं होतं, "नानाजीच्या घरातून दारू आली म्हणतं का तू? त्यांची माती वाळली नाई अजून!"

मंडळी कांताच्या बाजूनं उभी राहिली. कोण नाही राहणार? पुढच्या महिला मंडळात रक्षाला उभं राहून माफी मागावी लागली. त्यानंतर मोतीलालनं वेगळं घर केलं, स्टेशनपाशी. हरिदासनं थांबवलं नाही. रक्षा तेव्हापासून बायांच्या शेवटच्या बाकावर बसायची.

"आता काय करायचं?" हरिदास म्हणाले. "दुकानं उघडली नाईत. मनुका कोठून आणू?"

"रस आहे," पौर्णिमा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"रक्षाकाकूकडे. दर पहिल्या रविवारी दुपारी ती संडे स्कूलच्या मुलांना सरबत देते ना?"

"देते. त्याचं काय?"

"दुसऱ्या रविवारी कधी देत नाही. तिसऱ्या नाही. नाताळात नाही. फक्त प्रभुभोजनाच्या दिवशी, आणि तेही उपासना पार पडल्यावर. मी चौदा वर्षांची असताना विचारलं होतं, काकू, आजच का? तर म्हणाली, आज उरलं. कशातून उरलं, ते सांगितलं नाही. चव मात्र मला ओळखू आली. ते मनुकांचं पाणी आहे, बाबा. ती दर महिन्याला एक बाटली जास्तीची करून ठेवते. आईचं बिघडलंच तर असावं म्हणून. अकरा वर्षं. एकशेतीसच्या वर बाटल्या झाल्या."

कुलरचं पाणी टपटपत होतं. हरिदासना वाटलं, आता कांता भडकणार.

कांताबाई उठल्या. "पोर्णिमा, माही चप्पल दे."

"मी जाऊन आणते ना, आई. तुझा डोळा..."

"डोळ्यानं नाई चालत मी. चप्पल दे."

*

रक्षाबाई पराठे लाटत होत्या. फाटकाची कडी वाजली. खिडकीतून आधी काळा चष्मा दिसला, मग पौर्णिमाच्या खांद्यावरचा हात.

न्हाणीच्या आरशासमोर मोतीलाल दाढी करत होते. "कोण हाय?"

"बाई."

"कोणती बाई?"

"तुमची वहिनी."

आतला वस्तऱ्याचा आवाज थांबला तो थांबलाच.

रक्षाबाईंनी पिठाचे हात पुसले नाहीत, तसंच दार उघडलं. अकरा वर्षांत या उंबऱ्याशी ही बाई आली नव्हती. चर्चमध्ये दर रविवारी दहा फुटांवरून दिसायची, पण जवळून पाहिल्यावर कळलं की किती थकली आहे.

"सलाम," कांताबाई म्हणाल्या.

"सलाम, बाई. आत या. बसा."

"बसत नाई. तुह्यापाशी बाटली हाय का?"

रक्षाबाईंनी पौर्णिमाकडे पाहिलं. पोरीनं नजर जमिनीवर ठेवली होती. म्हणजे सांगितलं होतं.

"हाय," रक्षाबाई म्हणाल्या. "फ्रिजात. रात्रीच उकळली. साठ पेले सहज होतात."

"माह्यं आंबलं."

"उन्हाळा हाय बाई. कोणाचंही आंबते."

"मधात बोलू नको. बोलू दे मले." कांताबाईंनी चौकटीला हात धरला. "त्या साली बी आंबलं होतं. नानाजी चार दिवस खाटेवर होते. मी गुरुवारी भिजवलं आन् उकळाले वेळच नाई भेटला. रविवारी पहाटे गाळलं. चाखलं. मले तवाच समजलं. म्हटलं, आज नाई म्हणू कशी? सासऱ्याच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी? आन् तू दारात विचारलं, त मी तुलेच खोटं पाडलं."

पौर्णिमानं एकदम मान वर केली.

"मले माहीत होतं, बाई."

"आंबलं होतं ते त माहीत होतंच तुले."

"तुमाले माहीत हाय, हे माहीत होतं. तुमचा चेहरा पाह्यला होता ना मी."

"मग माफी काऊन मागितली तू? उभी राहून, सगळ्या बायांत?"

रक्षाबाईंनी बोटांवरचं पीठ चोळून काढलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी तयार होतं, फक्त विचारणारं कोणी आलं नव्हतं. "मी चुकीच्या जागी बोलले. कानात सांगाले पाह्यजे होतं, चौघीत बोलले. घरात माती झालेली. त्याची माफी मागितली मी. तेवढीच. बाकीची नाई मागितली."

"बाकीची मी मागतो."

"मागितली ना आता. झालं. पोर्णिमा, बाटली घे, फ्रिजाच्या दारात हाय. आन् बाई, हे चर्चमंदी नका काढू. लोकं इसरले."

"तू मंडळीत मागितली होती," कांताबाई म्हणाल्या. "माह्या घरात येऊन नाई."

"अव, पण आजच बाटल्यांचा निर्णय हाय. तुमी असं सांगितलं त बत्तीस वर्षांचं काम हातातून जाईन तुमच्या."

"जाऊ दे."

आतून मोतीलाल बाहेर आले. एका गालाला साबण तसाच. "वहिनी," ते म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून, "चहा घेता का?"

"नऊची उपासना हाय, मोतीलाल. तोंड धुवा."

*

घंटा वाजवून हरिदास आत आले तेव्हा सगळे पंखे पूर्ण वेगात फिरत होते आणि गीतपुस्तकांची पानं बोटांनी धरून ठेवावी लागत होती. पहिलं गीत झालं. मोतीलालनं पेटी वाजवली, नेहमीसारखी थोडी घाईनं. एका गालावर दाढी राहून गेली होती. हे कसं झालं, ते हरिदासना कळेना. घरी परतल्यावर कांता काही बोलली नव्हती. पौर्णिमानं फक्त बाटली दाखवली होती.

प्रभुभोजनाआधी साक्ष द्यायची मोकळीक असते. साधारणतः कोणाचा मुलगा बारावीत पास झालेला असतो, कोणाचा ताप उतरलेला असतो. लोक दोन वाक्यं बोलतात आणि बसतात. पाळक रुपेश म्हणाले, "कोणाला प्रभूचे आभार मानायचे आहेत?" आणि बायांच्या पहिल्या बाकावरून कांता उभी राहिली.

ती जास्त बोलली नाही. आज रस आंबला, हे तिनं सांगितलं. वेदीवरचा रस रक्षाच्या घरचा आहे, हे सांगितलं. मग अकरा वर्षांपूर्वीचं सांगितलं, सकाळी चाखल्यापासून दारातल्या उत्तरापर्यंत, काहीही न गाळता. "रक्षानं खरं विचारलं होतं. खोटी मी होती. तुमी सगळे माह्या बाजूनं उभे राह्यले, ते मी उभं राहू देलं. तवापासून मी हा संस्कार घेतला नाई. तुमाले वाटे, मांगच्या खोलीत पेले भरण्यात असन. मी पेले भरत होती, हे खरं हाय. पण समोर न याले मले ते काम बरं पडत होतं."

हरिदासच्या हातातलं पुस्तक कधी मिटलं, ते त्यांना कळलं नाही. एकाच घरात राहून, दर महिन्याला घंटा वाजवून, त्यांनी हे पाहिलं नव्हतं. ते नेहमी पुरुषांच्या रांगेत डोळे मिटून असत.

तिसऱ्या बाकावरून सदाशिवरावांचा आवाज आला. वय सत्त्याऐंशी, कान जवळजवळ गेलेले. कुजबुज म्हणून ते बोलत ती सगळ्यांना ऐकू जाई. "काय म्हणून राह्यली रे ते?"

शेजारच्यानं कानात ओरडून सांगितलं, "त्या साली रस आंबला होता म्हणते!"

"असं होय!" सदाशिवराव म्हणाले. "तरीच त्या वर्षी जरा बरा लागला होता!"

हसू आधी पोरांच्या बाकावर फुटलं, मग बायांच्या, आणि शेवटी पाळक रुपेशनाही वेदीकडे तोंड वळवावं लागलं. हसू ओसरल्यावर बायांतल्या दोन-तीन म्हाताऱ्या खाली पाहत होत्या. हरिदासना उमगलं: चव त्यांनाही समजली होती. त्या दिवशी रक्षाला एकटीलाच उभं केलं होतं.

पाळकांनी निमंत्रण वाचायला घेतलं. जे शेजाऱ्याशी सलोख्यानं राहतात त्यांनी जवळ यावं, अशा अर्थाचं ते दर महिन्याचं वाचन. वाचता वाचता ते थांबले, पुस्तक खाली घेतलं आणि म्हणाले, "रक्षाबाई, शेवटच्या बाकावरून यायला वेळ लागतो. तुम्ही सगळ्यांत आधी या."

रक्षाबाई उठल्या. पहिल्या बाकापाशी थांबल्या आणि कांतासमोर हात पुढे केला, "चष्म्यानं पायरी दिसत नाई तुमाले." दोघी वेदीच्या कठड्यापाशी गेल्या. गुडघे टेकताना कांताला वेळ लागला; रक्षा तोवर अर्धवट वाकून उभी राहिली.

हरिदास पुरुषांच्या रांगेत उठले. पेटीपाशी पोचल्यावर त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणाच्याही मार्फत नसलेलं वाक्य उच्चारलं. "मोती, दाढी राह्यली तुही."

"माहीत हाय, दादा," मोतीलाल सुरावरचं बोट न उचलता म्हणाला. "बाटल्यांचा विषय मी मागं घेतो. पाळकसाहेबांले सांगजो."

"तूच सांग ना."

*

वेदीमागच्या खोलीत पेले धुवायचे असतात. काचेचे, अंगठ्याएवढे, साठ. पौर्णिमा आठ वर्षांची असल्यापासून ते मोजत आली होती, आणि मोजायची सवय असलेल्या माणसाला जे कळतं ते तिला लहानपणीच कळलं होतं: तबकाच्या कोपऱ्यातला एक पेला दर महिन्याला भरलेलाच परत येतो. आई तो स्वतःसाठी भरायची आणि मागच्या दारी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायची. पौर्णिमाला वाटे, काकूच्या रागापायी. रागाचा अंदाज बरोबर होता. तो कोणावर होता, तेवढं चुकलं होतं.

आज तिघी होत्या. बाहेर मुलं दाराशी घुटमळत होती, कारण सरबताची वेळ झाली होती आणि सरबत संपलं होतं.

"जा रे, पोरांनो," रक्षाबाई म्हणाल्या, "आज उरलं नाई!"

कांताबाईंनी तक्त्याकडे बोट केलं. "पोर्णिमा, खडू घे. माह्यं नाव पुस. रक्षाचं लिही."

"काही पुसू नको," रक्षाबाई म्हणाल्या. "एकटीनं केलं म्हून त चुकलं. दोघी असतो, त एकीनं भिजवलं असतं, दुसरीनं चाखलं असतं. खाली लिही माह्यं नाव. चाखणार म्हून."

"चाखाले येशील तू माह्या घरी?"

"काऊन? येऊ नाई का?"

"ये. पण ऐक. तू लवंग टाकत नाईस व?"

"टाकते ना. दोन."

"लागली नाई मले. तीन टाकत जा. आन् मनुका कमी पडल्या."

"आजच पिऊन पाह्यलं, आन् आजच चुका काढून राह्यल्या!"

"अकरा वर्षांच्या बाकी हायेत," कांताबाई म्हणाल्या.

पौर्णिमानं तक्त्यावर खडूनं नाव लिहिलं आणि पुन्हा मोरीपाशी आली. दोन पेले कोरडे, न भरलेले. सत्तावन्न धुऊन पंच्यावर पालथे घातलेले. साठावा आईच्या हातात होता. त्याच्या तळाशी लालसर थेंब वाळत आला होता, आणि आई बोट आत घालून, डोळे बारीक करून, तो घासत होती.